मक्याच्या सालीतली राखण

कळमेश्वरच्या एमआयडीसीत कोंबड्यांचं खाद्य बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी कामाला लागले, तेव्हा पहिल्यांदा हातात आली ती परखी. टोकदार, पोकळ लोखंडी नळी. पोत्यात खुपसून बाहेर काढली की मूठभर दाणे तिच्यातून हातावर पडतात. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलीला ब्युरेट-पिपेट ठाऊक होतं, परखी नव्हती. ती कशी धरायची, कोणत्या पोत्याला लावायची, हे मला फाटकावरच्या एका वयस्क हमालमामांनी शिकवलं. "मॅडम, वरच्या पोत्याले नका लावू जी. मधातल्या थप्पीले लावा. खरा माल तिथंच रायते." हे वाक्य माझ्या कामाचा पाया आहे असं मी आजही मानते. नमुनाच खोटा असेल तर पुढची सगळी यंत्रं खोटंच सांगतात.

आमचा तालुका संत्र्याचा, कपाशीचा, सोयाबीनचा. मका पेरणारेही आहेत, पण कारखान्याची भूक त्यावर भागत नाही. आमच्या फाटकावर लागणारा बहुतेक मका छिंदवाड्याकडून सावनेरमार्गे येतो. सौंसर, पांढुर्णा राज्याच्या सीमेपलीकडे असले तरी तिकडचे ट्रकवाले आमच्याशी मराठीतच बोलतात, त्यामुळे भावावरून वाद झाला तरी तो घरातल्यासारखाच होतो. खरिपाचा मका दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतो, आणि नेमका त्याच दिवसांत परतीचा पाऊस घुटमळत असतो. ताडपत्रीखालून वाफा निघणारा ट्रक फाटकात शिरला की मला पोत्याला हात लावण्याआधीच कळतं, आज कुणाचा तरी जीव खालीवर होणार आहे.

तपासणी तशी साधी. ओलावा १४ टक्क्यांच्या आत हवा. मग फुटका दाणा किती, किडका किती, बुरशीचा किती, माती-कचरा किती. एवढ्यावर भाव ठरतो, कपात ठरते किंवा गाडी परत जाते. आणि एक दिवा. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काळा पडदा लावलेली एक पेटी आहे, तिच्यात अतिनील प्रकाशाचा दिवा बसवलेला आहे. भरडलेला मका त्याखाली पसरायचा आणि हिरवट-पिवळे चमकणारे ठिपके दिसतात का ते बघायचं. ते दिसले तर ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचा संशय घ्यायचा, कारण अफ्लाटॉक्सिन नावाचं विष ती बनवते. ठिपका म्हणजे विष नव्हे, ती फक्त सूचना. खरं प्रमाण पुढच्या चाचणीत कळतं.

त्या दिव्याखाली मला हिरवट-पिवळ्याखेरीज आणखी एक रंग दिसायचा. भरड्यातल्या सालीच्या तुकड्यांना निळसर झाक असायची. बुरशी नसलेल्या, निकोप मक्यातही ती असायची, किंबहुना तिथेच ती स्वच्छ दिसायची. सुरुवातीला कुणी त्याकडे लक्ष देत नव्हतं, कारण ती तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. एकदा दुपारच्या सुट्टीत मी ब्लेडने एक दाणा उभा चिरला आणि दिव्याखाली धरला. आतला पिठूळ भाग मंद, आणि भोवती साल व तिच्या लगतचा पातळ थर निळा उजळलेला. ती कडा पाहिली आणि मग मला स्वस्थ बसवेना.

तो निळा रंग मुख्यतः फेरुलिक आम्लाचा. फिनॉल गटातल्या संयुगांपैकी मक्याच्या दाण्यात हेच सगळ्यात मुबलक असतं, त्याच्या जोडीला थोडं पी-कौमॅरिक आम्ल. आपल्या स्वयंपाकघराशीही याचं जुनं नातं आहे: १८६६ साली फेरुलिक आम्ल पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते हिंगाच्या डिंकातून. गहू, तांदूळ, ओट आणि मका यांची तुलना केली तेव्हा एकूण फिनॉलिक संयुगांत मका सगळ्यांच्या पुढे निघाला, आणि त्यातला सुमारे ८५ टक्के भाग मोकळा नसून दाण्याच्या पेशीभित्तींना घट्ट जखडलेला असतो. हे जखडलेपणच महत्त्वाचं आहे.

मक्याची साल ॲराबिनोझायलान नावाच्या लांब साखर-साखळ्यांची बनलेली असते. फेरुलिक आम्लाचे रेणू या साखळ्यांना लटकलेले असतात. दाणा भरत असताना पेरॉक्सिडेज हे विकर दोन शेजारच्या साखळ्यांवरचे फेरुलिक रेणू एकमेकांना जोडून टाकतं. तयार होतं ते डायफेरुलिक आम्ल, म्हणजे दोन साखळ्यांमधला पूल. स्लॅब टाकताना गज जसे तारेने आडवे-उभे बांधतात, तशी ही बांधणी. असे पूल जितके जास्त, तितकी साल कठीण. सालीच्या खालच्या ॲल्युरोन थरात आणखी एक फळी असते, फिनॉलिक अमाइनांची. ही अमाइनं किड्याच्या तोंडाला रुचत नाहीत. म्हणजे बाहेर भिंत आणि आत कडू घास.

या राखणीचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे सोंडे. धान्याच्या गोदामात काम करणाऱ्याला सोंड्याची ओळख करून द्यावी लागत नाही. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की थप्पीच्या कडेने ते चालू लागतात. सोंड्याची मादी आपल्या लांब सोंडेच्या टोकावरच्या जबड्यांनी दाण्याला भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावून ते बंद करते. बाहेरून दाणा साबूतच दिसतो. अळी आत खाते, कोष आतच होतो, आणि उबदार हवेत पाचेक आठवड्यांनी नवा सोंडा भोक पाडून बाहेर येतो. म्हणून फाटकावर 'माल स्वच्छ आहे' म्हणून उतरवलेल्या पोत्यातून महिन्याभराने पीठ गळायला लागतं आणि व्यापारी शपथ घेऊन सांगतो की माझा माल चांगला होता. तो खोटं बोलत नसतो. आतली अंडी त्यालाही दिसलेली नसतात.

सालीतलं फेरुलिक आम्ल आणि सोंड्याचा त्रास यांचा संबंध कॅनडातील ओटावा विद्यापीठाचे जॉन आर्नसन आणि मेक्सिकोतील सिमिट या आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. १९९० साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. ज्या वाणांत फिनॉलिक आम्लं जास्त, त्या वाणांत सोंडे कमी खातात, अंडी कमी घालतात, त्यांची वाढ रेंगाळते. पुढे फ्युजेरियम या बुरशीबद्दलही तसंच दिसलं: साल आणि ॲल्युरोनमध्ये डायफेरुलिक आम्ल भरपूर असलेली कणसं तिला जास्त दाद देत नाहीत. बुरशीलाही आत शिरायला भिंत विरघळवावी लागते, आणि पुलांनी बांधलेली भिंत तिच्या विकरांना लवकर बधत नाही.

हे सगळं वाचलं त्याच वर्षी आमच्याकडे पॅकिंगला मेळघाटातून आलेली एक बाई कामाला होती. तिच्या माहेरी मका खाण्यासाठीच पेरतात. सणाला गावी जाऊन परत येताना ती माझ्यासाठी चार कणसं घेऊन आली, पानांसकट, धुराचा वास असलेली. "चुलीच्या वर टांगून ठेवतो ताई. पुढच्या पेरणीलोक काही होत नाही." दाणा लहान, टणक, चकचकीत, नखाने साल निघता निघेना. मी त्यातले थोडे दाणे एका बरणीत आणि आमच्या गोदामातल्या संकरित मक्याचे थोडे दुसऱ्या बरणीत ठेवले, दोन्हींत सोंडे सोडले आणि तोंडाला कापड बांधलं. पावसाळा सरता सरता गोदामाच्या मक्याच्या तळाशी पिठाचा थर साचला होता. मेळघाटच्या मक्यालाही भोकं होती, पण कमी. मी याला शास्त्रीय प्रयोग म्हणणार नाही: वाण वेगळं, जमीन वेगळी, सुकवण वेगळी, शिवाय धूर. लाकडाच्या धुरातही फिनॉल असतातच, लाकडातलं लिग्निन जळताना ते निर्माण होतात. सालीतली राखण आणि चुलीवरची राखण, दोन्ही त्या कणसांना मिळालेल्या होत्या. पण त्या बाईच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बियाण्याला ठेवलेला दाणा कोणता असेल हे मला त्या बरणीने सांगितलं. जो दाणा पुढच्या पेरणीपर्यंत टिकला, तोच पेरला गेला. साठवणीतली ही निवड कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा कठोर आहे. सातपुड्यातल्या धडगाव भागात बाएफ या संस्थेने मक्याची अशी स्थानिक वाणं गावकऱ्यांच्या बियाणे-बँकेत राखली आहेत. मला त्या कामाचं मोल फार मोठं वाटतं.

शेती सुधारताना ही राखण नकळत हातची जाते, याचं उदाहरण शोधायला विदर्भाबाहेर जायला नको. १९६४ साली सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. उत्पन्न दणक्यात होतं, पण पीक लवकर तयार व्हायचं आणि पांढरा दाणा पावसातच भरायचा. कणसं बुरशीने काळी पडायची. माझ्या वडिलांच्या पिढीला काळ्या ज्वारीचा तो भाव अजून आठवतो. ज्यांच्या दाण्यात टॅनिन असतं अशा तांबड्या ज्वारीला बुरशी कमी लागते आणि पाखरंही कमी येतात, पण भाकरी तुरट लागते. टॅनिन ही फिनॉलचीच जात. तोंडाला जे नको, तेच दाण्याला वाचवत होतं.

मक्यातही असंच घडलं. १९६४ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ओपेक-२ या जनुकाचा गुण कळला: त्याने मक्यात लायसिन हे अमिनो आम्ल वाढतं. कुपोषणावर उपाय सापडला म्हणून सगळीकडे आनंद झाला, आपल्या देशातही तशी वाणं आली. पण तो दाणा पिठूळ आणि मऊ होता, उत्पन्न कमी होतं आणि किडी-बुरशी त्याच्यावर तुटून पडल्या. शेतकऱ्यांनी तो नाकारला. पुढे सुरिंदर वसल आणि इव्हांजेलिना व्हिलेगास यांनी सिमिटमध्ये अनेक वर्षं खपून तोच गुण टणक दाण्यात आणला, आणि २००० साली दोघांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. वसल यांची ही चिकाटी मला विशेष थोर वाटते, कारण त्यांनी शेतकऱ्याची तक्रार अडाणीपणा म्हणून झटकली नाही. दाणा टणकच हवा, ही मागणी त्यांनी खरी मानली.

कपाशीच्या प्रदेशात राहून गॉसिपॉलचं नाव न काढणं मला जमायचं नाही. सरकी चिरली की आत काळे ठिपके दिसतात, ते त्याचेच. गॉसिपॉलही फिनॉलच आणि कामही तेच, किड्यांना दूर ठेवणं. आमच्या कारखान्यात सरकीची ढेप कोंबड्यांना फार घालता येत नाही ती त्याच्यामुळेच, अंड्याचा बलक हिरवट पडतो. गेल्या शतकात गॉसिपॉलच्या ग्रंथीच नसलेली कपाशी तयार केली, तर शेतात किड्यांनी आणि उंदरांनी तिचा फडशा पाडला. मग टेक्सासमध्ये कीर्ती राठोड यांनी २००६ साली दाखवून दिलं की फक्त बियातलं गॉसिपॉल बंद करून पानाफुलांतलं तसंच ठेवता येतं. झाडाची राखण झाडाकडे आणि बी माणसाकडे. ही वाटणी मला फार पटते.

मक्याच्या धांड्यात मात्र वाटणी अवघड आहे. दाण्याला वाचवणारे फेरुलिक पूल धांड्यातही असतात, तिथे ते लिग्निनला जखडतात आणि जनावराच्या पोटातल्या जीवाणूंना चारा पचवणं कठीण होतं. मुरघास करणाऱ्या दूधवाल्याला मऊ धांडा हवा, साठवणाऱ्याला कठीण दाणा हवा. दोघांच्या मागण्या खऱ्या आहेत, आणि एकच वाण दोघांना विकणं बरोबर नाही.

आता या राखणीच्या मर्यादेबद्दल. फेरुलिक आम्ल कितीही असो, ओल्या मक्यापुढे ते हतबल आहे. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात कापणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला. ओला मका तसाच साठवला गेला, त्यावर बुरशी वाढली, आणि तोच मका खाणाऱ्या आदिवासी कुटुंबांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ पसरली. शंभरावर माणसं दगावली. घरातलं उष्टं खाणारी कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा कारण निघालं अफ्लाटॉक्सिन. आज माणसाच्या खाण्याच्या धान्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅमच्या वर ते चालत नाही. दिव्याखाली हिरवट-पिवळा ठिपका दिसला की मला ती गावं आठवतात. मी नमुना पुन्हा घेते आणि ट्रकवाल्याची घाई ऐकून घेत नाही.

त्या ठिपक्यातली एक गोष्ट मला कळली तेव्हा मी बराच वेळ विचार करत बसले होते. ती चमक बुरशीच्या एकटीच्या पदार्थाची नसते. बुरशी कोजिक आम्ल सोडते आणि दाण्यातलं पेरॉक्सिडेज त्यावर काम करतं, तेव्हा तो हिरवट-पिवळा पदार्थ तयार होतो. पेरॉक्सिडेज म्हणजे तेच विकर, जे सालीत फेरुलिकचे पूल बांधतं. म्हणजे बुरशी आत शिरल्याची खूण उमटते तीही दाण्याच्याच विकराच्या हातून.

साठवणीतल्या बुरशीला बहुतेक वेळा भिंत फोडून आत यावं लागत नाही. आपणच ती तिला फोडून देतो. हे मी फाटकावर रोज पाहते. मका ओला असतानाच मळणीयंत्रात घातला की दाण्याची साल खरवडली जाते. फार वाळल्यावर वेगाने फिरवला तर दाणा तडकतो. मग पोतं ट्रकवरून खाली फेकलं जातं. नमुन्यातल्या फुटक्या दाण्यावर दिवा धरला तर निळी कडा मधूनच तुटलेली दिसते, आणि हिरवट-पिवळा ठिपका असलाच तर बहुधा त्या तुटक्या जागीच असतो. एका वर्षी एकाच गावाच्या दोन शेतकऱ्यांचा मका एकाच गाडीत आला. बियाणं एकच, पाऊस एकच. एकाने कणसं अंगणात पातळ पसरून वाळवली होती आणि यंत्राचा वेग कमी ठेवून मळली होती. दुसऱ्याला लग्नाची घाई होती. दोन ढिगांतला फरक परखी न लावताही दिसत होता, आणि दुसऱ्याच्या मालाला कपात लावताना मला वाईट वाटलं, कारण त्याच्या घाईमागे चैन नव्हती, अडचण होती.

गोदामात आम्ही थप्पीवर ताडपत्री घट्ट बांधून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतो. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि आतल्या अळीपर्यंत पोचतो. त्यावाचून मोठं गोदाम चालत नाही, हे मान्य. पण ताडपत्री काढली की वायू गेला, संरक्षणही गेलं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या थप्पीतला सोंडा पुन्हा आत येऊ शकतो. या वायूला न जुमानणारे किडे आपल्या देशात आढळले आहेत. हा वायू माणसाच्याही जिवावर उठतो. त्या गोळ्या घरात, झोपायच्या खोलीत धान्याच्या कोठीत ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना मी हात जोडून सांगते: कृपा करून असं करू नका. दाण्याची साल मात्र रात्रंदिवस काम करते, तिला गोळी लागत नाही, ताडपत्री लागत नाही, आणि तिच्यामुळे कुणी मरत नाही.

म्हणून शेतकऱ्यांना माझं सांगणं आहे. दाण्याच्या टोकाशी काळा थर दिसेपर्यंत कणीस तोडू नका, साल तोवर पुरती तयार झालेली नसते. कणसं सोलून पातळ पसरा, रात्री झाका. दाण्याचा ओलावा १२-१३ टक्क्यांवर आला की मगच साठवा. मळणीयंत्रवाल्याला वेग कमी करायला सांगा, तो कुरकुरेल, तरी सांगा. घरी खायला आणि बियाण्याला ठेवायचा मका टणक दाण्याचा निवडा. बियाण्याच्या पिशवीवर एकरी उतारा छापतात, किती दिवसांत तयार होतो ते छापतात. हा दाणा सोंड्याला किती दाद देतो हेही छापा, असं कृषी विद्यापीठांना आणि बियाणे कंपन्यांना विचारायला काय हरकत आहे? ते मोजण्याच्या पद्धती तीस वर्षांहून जास्त काळ उपलब्ध आहेत.

आणि माझ्यासारख्या, फाटकावर भाव ठरवणाऱ्या माणसांनाही सांगायचं आहे. आमच्या तक्त्यात फुटक्या दाण्याला कपात आहे, अखंड सालीच्या, नीट वाळवलेल्या मालाला जादा भाव नाही. ज्याने दोन आठवडे कणसं उन्हात फिरवली त्याला आणि ज्याने ओला माल जेमतेम कोरडा करून आणला त्याला आज एकच दर मिळतो. तो रकाना तक्त्यात आला पाहिजे.